रखमाकाकींना झाडातलं कळतं

वरळीच्या बीडीडी चाळीतून टॉवरमध्ये आलेल्या बिऱ्हाडांची पहिली सभा भरली, तेव्हा रखमा घाग पंख्याखालची खुर्ची धरून बसली होती. सभेत काय ठरतंय यापेक्षा चहाबरोबर वडा येतोय की नुसतीच बिस्किटं, याकडे तिचं जास्त लक्ष होतं. म्हणून सेक्रेटरी उन्मेष काय बोलत होता ते तिला अर्धंच कळलं. पार्किंगच्या मजल्यांच्या डोक्यावर जो मोठा स्लॅब आहे, ज्याला सगळे पोडियम म्हणतात, तिथं बाग व्हायची होती. बागेचा आराखडा करणाऱ्या मॅडम येणार होत्या. त्यांच्याशी बोलायला रहिवाशांपैकी कुणी तरी जाणकार हवं होतं.

"रखमाकाकी हायत की!" मागून बुधाजी ओरडला. "जन्म गेला त्यांचा झाडापानांत!"

टाळ्या पडल्या. रखमानं काही तरी बोलायला तोंड उघडलं, तोवर उन्मेष पुढच्या विषयावर, लिफ्टवर गेला होता.

बुधाजी खोटं बोलला नव्हता. नवरा कुशाबा गिरणीत होता. संप झाला, गिरणीनं पुन्हा काही त्याला बोलावलं नाही, आणि कुशाबा दिवसदिवस चाळीच्या कठड्याला टेकून उभा राहायला लागला. तेव्हा शेजारची लक्ष्मी रखमाला म्हणाली, "चल गो माझ्यासंगती दादरला." लक्ष्मी फुलबाजारात पत्री विकायची. त्या दिवसापासून रखमाचं आयुष्य दादरच्या पुलाखालच्या फुटपाथवर गेलं. दूर्वा, बेल, शमी, आंब्याचे टहाळे, दसऱ्याला आपटा. कर्जत-कसाऱ्याकडच्या बायका भारे आणायच्या, ही ते सोडून जुड्या बांधायची, पाणी मारायची आणि विकायची. त्यातच निलेश शिकला, त्याचं लग्न झालं, नात आकांक्षा कॉलेजात गेली. कुशाबा मात्र टॉवर बघायला राहिला नाही.

पण घरी येऊन रखमा खिडकीशी बसली, तेव्हा तिला प्रश्न पडला. आपल्याला झाडातलं काय कळतं? हातात आलेलं सगळं कापलेलंच. त्याला मूळ असतं हे ठाऊक होतं, पण बघितलं कुणी? चाळीच्या गॅलरीत डब्यातली तुळस होती, तीसुद्धा सून नम्रता सांभाळायची.

"नाय म्हणून सांगते उन्मेषला," ती नम्रताला म्हणाली.

"आता कसं सांगणार, आई? त्यानं ग्रुपवर टाकलंय. फोटोसकट."

पुढच्या रविवारी मृणालिनी कर्णिक आल्या. शिवाजी पार्कला राहणाऱ्या, पन्नाशीच्या, आवाज मऊ. त्यांनी सोसायटीच्या ऑफिसात टेबलावर एक मोठा कागद पसरला. त्यावर हिरवी वर्तुळं होती, लहानमोठी, काही एकमेकांत घुसलेली.

"कसं वाटतंय, मावशी?"

रखमानं कागद डावीकडून बघितला, उजवीकडून बघितला. इतक्या विहिरी कशाला, असं तिच्या मनात आलं. पण उन्मेष कौतुकानं तिच्याकडेच बघत होता.

"बरं हाय," ती म्हणाली. "पण बेल पायजे. सोमवारचा बेल लागतो लोकांना."

"बेल?" मृणालिनीबाईंच्या कपाळावर आठी आली. "केवढा धरायचा तो?"

रखमानं कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. जुडी तेवढीच असायची.

"म्हणजे... छाटून छाटून तेवढाच ठेवायचा म्हणताय?"

"हां. छाटूनच," रखमा म्हणाली. बेल छाटलेलाच असतो, यात विचारण्यासारखं काय आहे, ते तिला उमगलं नाही. मृणालिनीबाईंनी उन्मेषकडे बघितलं. उन्मेषनं मान डोलावली: काकी म्हणतायत म्हणजे काही तरी असेल.

मग गडबडीला सुरुवात झाली. रखमाच्या शब्दाला वजन आहे हे सगळ्यांना कळलं आणि तिच्या दाराची बेल वाजू लागली. बुधाजी आला, त्याला दत्ताचा औदुंबर हवा होता, खाली कट्टा बांधून. रखमा म्हणाली, "चांगला इचार." मंडळाची पोरं आली, त्यांना गणपतीच्या मांडवासाठी मधली जागा सपाट मोकळी हवी होती, झाड एक नको. "बरोबर हाय तुमचं," रखमा म्हणाली. बाराव्या मजल्यावरची एक सून आली. झाडी आली की डास आले, बाळ लहान आहे, गवतसुद्धा नको, नुसत्या फरश्या घाला. "तेही खरं," रखमा म्हणाली. कुणाला कढीपत्ता, कुणाला फेरी मारायला वाट, कुणाला पापड वाळवायला ऊन. दारात आलेल्या माणसाला तोडायचं कसं? गिऱ्हाईकाला नाही म्हणायची सवयच तिला नव्हती. प्रत्येकाचं बोलणं ऐकताना तेच तिला पटायचं. तो गेला की तिला कळायचं नाही की आपल्याला नक्की काय पटलंय.

"आजी, तुला स्वतःला काय पायजे?" आकांक्षानं विचारलं.

"मला काय पायजे ते मला म्हायत नाय गो," रखमा म्हणाली, आणि तिला रडूच आलं. नात गांगरली. बागेवरून कुणी रडतं का?

मग आकांक्षानं तिला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि खाली बोट दाखवलं. एकोणिसाव्या मजल्यावरून पोडियम रिकाम्या पाटासारखा दिसत होता, त्यावर पाण्याच्या निळ्या टाक्या आणि सिमेंटच्या गोणी. "मॅडमचा कागद म्हणजे हे. इथून दिसेल तसं. ती वर्तुळं म्हणजे झाडांचे शेंडे."

"म्हंजे विहिरी नायत त्या?"

"विहिरी?"

रखमा खाली बघत राहिली. आयुष्यात झाड तिनं एक तर खालून बघितलं होतं, नाही तर हातात धरून. वरून बघायचं, हे तिच्या डोक्यात बसेना. शिवाय त्या स्लॅबच्या खाली गाड्या. माती आणायची ती लिफ्टनं. ही जमीन म्हणायची की गच्ची?

दुसऱ्या सभेला जे व्हायचं तेच झालं. मृणालिनीबाईंनी विचारलं, तसा बुधाजी उठला. "औदुंबराचं काकींशी बोलणं झालंय." मंडळाची पोरं म्हणाली, "अहो, मैदान मोकळं ठेवायचं ठरलंय, काकींनी हो म्हटलंय." बाराव्या मजल्यावरची सून म्हणाली, "मला तर त्या म्हणाल्या, फरश्याच बऱ्या." आवाज चढले. कुणी तरी बोललं, काकींनी सगळ्यांना खेळवलं. बुधाजी तर तिच्याकडे असा काही बघायला लागला, जणू तिनं त्याला शिळ्या दूर्वा ताज्या म्हणून दिल्या होत्या.

रखमा उभी राहिली. खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली.

"मी कुणाला फसवलं नाय," ती म्हणाली. "मला झाडातलं काय कळत नाय. मी कापलेलं विकलं. लावलं कधीच नाय. बेलाचं झाड केवढं होतं तेसुद्धा मला म्हायत नाय. तुम्ही टाळ्या वाजवल्या, मी गप बसले. आता मला यातून सोडवा."

कुणी हसलं नाही. उन्मेष खाली मान घालून मोबाइल बघू लागला. मृणालिनीबाई मात्र तिच्याकडे टक लावून बघत होत्या.

सभा उधळली. जिन्यापाशी मृणालिनीबाईंनी तिला गाठलं. "मावशी, खरं सांगू? मीही गोंधळलेय. मी बंगल्यांच्या बागा करते. तिथे एकच घर असतं, ते काय म्हणेल तसं. इथे एवढी घरं, मला कुणाचं धरावं तेच कळेना, म्हणून मी तुमच्या भरवशावर बसले होते."

"तुम्ही शिकलेल्या ना?"

"शिकलेय. तरी." त्या ओशाळवाण्या हसल्या. "बरं, गावाला तुमच्या दारात काय होतं?"

रखमाला आठवायला वेळ लागला. संगमेश्वराकडचं घर तिनं लग्न होऊन सोडलं, त्याला उभं आयुष्य झालं होतं. "न्हाणीमागं सोनटक्का होता," ती शेवटी म्हणाली. "कुणी लावलेला नव्हता. न्हाणीच्या पाण्यावर आपला वाढायचा. आई म्हणायची, माजलाय नुसता."

"नर्सरीत येता माझ्याबरोबर?"

ती गेली. नर्सरीत मृणालिनीबाईंनी तिच्या हातात एक मातकट गाठीगाठीचं काही तरी दिलं.

"हे आलं हाय," रखमा म्हणाली.

"सोनटक्का आहे."

रखमानं तो कंद उलटा केला, सुलटा केला, नाकाशी नेला. फुलाचा वास तिला झोपेतही ओळखता आला असता. याला तर मातीचाच वास येत होता. "ह्यातून ते फूल येतं?" तिनं पुन्हा पुन्हा विचारलं. शेजारी उभं असलेलं शमीचं रोप ओळखून ती आनंदली, पण ते कमरेच्या वर गेलेलं बघून तिनं पुढे केलेला हात मागे घेतला.

आराखडा शेवटी हात वर करून ठरला. मधली जागा मांडवाला मोकळी. कडेनं फेरीची वाट. भिंतीलगतच्या उथळ वाफ्यांत तगर, जास्वंद, कढीपत्ता. स्लॅबला झेपणार नाही म्हणून बेल आणि औदुंबर दोन्ही रद्द झाले; बुधाजी महिनाभर रखमाशी बोलला नाही, मग एक दिवस तांदळाच्या भाकरीचं पीठ मागायला तोच आला. बाराव्या मजल्यावरच्या सुनेनं ग्रुप सोडला आणि तिला परत घेतलं गेलं. सगळ्यांना थोडं थोडं मिळालं, आणि आपल्याला हवं होतं ते मिळालं की नाही, हे कुणालाच धड सांगता येईना.

टाकीच्या नळाजवळ, जिथं ओल राहते, तिथं मृणालिनीबाईंनी सोनटक्क्याला कोपरा दिला आणि कंद लावायला रखमालाच बसवलं. वरची बाजू कुठली हे तिला कळेना. "आडवा ठेवा, मावशी. त्याचं तो ठरवेल." तिनं ठेवला, माती लोटली, आणि हात धुवायचे विसरून तशीच उभी राहिली.

पालवी आली. पानं उंच झाली, मग समुद्राकडच्या वाऱ्यानं फाटली. एक पिवळं पडलं, खालून दुसरं आलं. रखमाला त्यातलं काही उमगेना. बाजारात पान मलूल झालं की अर्ध्या भावात काढायचं, एवढं सोपं असायचं. इथं मलूल पान चार दिवसांनी ताठ उभं राहायचं आणि ताठ दिसणारं एकाएकी मान टाकायचं. ती रोज सकाळी खाली जायची, बघायची, आणि चक्रावून वर यायची. मृणालिनीबाईंना फोन केला तर त्या म्हणायच्या, "थोडं थांबू या."

एके दिवशी फेरी मारणारी एक नवी भाडेकरूबाई तिच्याजवळ थांबली. "आजी, हे कसलं झाड?"

"सोनटक्का."

"फुलं कधी येतील?"

"म्हायत नाय," रखमा म्हणाली. बाई पुढे गेली. रखमा वाफ्याच्या कडेला टेकली, पिवळं पान मोडावं की राहू द्यावं याचा विचार करत.