मी जिंकलो कसा

चहा येतोय तोवर एक कबुली देऊन टाकतो. उगाच दुसऱ्या कोणाकडून तिखटमीठ लावलेलं ऐकायला नको. साकोलीच्या लुडोच्या फायनलमध्ये माझं जे काही झालं, ते मी स्वतःच्या हातानं केलं. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

लुडो म्हणजे पोरांचा खेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी चार जाणत्या माणसांना एका पटाभोवती बसवून बघावं. बुद्धिबळात एकच शत्रू असतो. इथे तीन असतात आणि तिघंही तुमच्याशी गोड बोलतात. मी तीस वर्षं या भागात वार्ताहर आहे. जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा माझ्या बातम्यांचं अर्धं रान तिकडे गेलं, तरी मी लेखणी खाली ठेवली नाही. ग्रामसभा, आमसभा, तलावाच्या मासेमारीवरून झालेल्या बैठका, सगळं पाहिलंय. चार माणसं टेबलाशी बसली की कोण कोणाला पाडणार, हे मला आधीच कळतं.

माझं तंत्र साधं होतं. अर्धा डाव होईपर्यंत कोणाची गोटी मारायची नाही. पहिला नंबर घ्यायचा नाही, दुसऱ्यावर राहायचं. पुढच्याला बाकीचे दोघं मारतात, आपण सुपारी कातरत बसायचं. आणि मोठा घाव घालायच्या आधी कपाळाला हात लावून म्हणायचं, "आपलं काही खरं नाही आज." समोरचा गाफील होतो. मग हाणायचं.

हे कपाळाला हात लावून म्हणायचं वाक्य मनोहरनं सुचवलेलं. मनोहर म्हणजे माझा शेजारी, शाळेत बाबू, पंचवीस वर्षांचा दोस्त. महिनाभर त्याच्या ओसरीवर सराव केला. मी लाल घ्यायचो आणि बाकीचे तिन्ही रंग तो बिचारा एकटा खेळायचा. आधीची दोन वर्षं मी फायनलमध्ये हरलो होतो. यंदा तो चषक माझ्या टीव्हीवर ठेवायचा, हे पक्कं होतं.

इतकं पक्कं, की शुक्रवारीच मी रविवारच्या पुरवणीसाठी लेख पाठवून दिला. फायनल शनिवारी होती. जिंकल्यावर हारतुऱ्यांतून लिहायला वेळ कुठे मिळतो? लेखाचं नाव 'मी जिंकलो कसा'. सगळं तंत्र त्यात होतं आणि तिन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या कमजोऱ्याही. जिंकलेल्या माणसानं जरा मोकळेपणानं लिहिलं तर काय बिघडतं?

शनिवारी दुपारी कळलं की वाचनालयाचा हॉल नेत्रतपासणीला दिलाय, फायनल रविवारी चार वाजता. मी जागरूक वार्ताहर. बसल्या जागी दोन ओळींची बातमी करून पाठवली, 'अंतिम सामना आता रविवारी'. मग निवांत झोपलो.

रविवारी सकाळी बायको म्हणाली, "पेपर पाहिला काय?"

"नाही," मी म्हटलं. आणि तुम्हाला कारण सांगतो. मी छापून आलेला माझा मजकूर वाचत नाही. वीस ओळी पाठवाव्यात, डेस्कवाल्यांनी सहा छापाव्यात. विचारलं की एकच उत्तर, "जागेअभावी कापलं." तीस वर्षांत यांनी माझा एक लेख धड ठेवला नाही. वाचलं की बीपी वाढतो. फायनलच्या दिवशी बीपी कोण वाढवून घेईल?

हॉलमध्ये शिरलो तर लोक नेहमीपेक्षा जास्त अदबीनं उठले. "या चॅम्पियन," नामदेव कंडक्टर म्हणाला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही.

फ्लेक्सवर छापलेला पलंगाएवढा पट, लिंबाएवढ्या लाकडी गोट्या, फासा स्टीलच्या पेल्यात हलवून टाकायचा. माझ्यासमोर एसटीतला नामदेव, शाळेतून निवृत्त झालेल्या शहारे बाई आणि राईस मिलवाले हटवार शेठ.

नामदेवला गोटी दिसली की मारल्याशिवाय राहवत नाही. म्हणून मी एक गोटी त्याच्यापुढे चार घरांवर आमिष म्हणून ठेवली. त्याला चारच पडले. त्यानं दुसरीच गोटी चालवली.

"काहून रे, मारत नाही?"

"आमिष आहे ना ते," नामदेव म्हणाला.

मला नवल वाटलं. शहारे बाई भित्र्या. ताऱ्याच्या सुरक्षित घरात एकदा बसल्या की हलत नाहीत. त्या ताऱ्यावरून उतरल्या आणि माझी गोटी सरळ मारली. "आमी भित्र्या ना," त्या फासा पुढे सारत म्हणाल्या.

हटवार शेठ कंजूष, एकच गोटी चालवणार, बाकीच्या तीन कोठारात. आज त्यांनी प्रत्येक सहाला नवी गोटी बाहेर काढली. "कोठार खाली करून राहिलो, साहेब."

आमिष, भित्र्या, कोठार. हे माझे शब्द यांच्या तोंडात कसे? मी मोठं अस्त्र काढलं. बाईंची गोटी माझ्यापुढे तीन घरांवर होती, त्यांच्यानंतर माझी पाळी. कपाळाला हात लावला आणि म्हटलं, "आपलं काही खरं नाही आज."

सगळा हॉल हसला. बाईंनी ती गोटी उचलून ताऱ्यावर ठेवली. "लाल गोटीवर ध्यान ठेवा," त्या बाकीच्यांना म्हणाल्या, "आता मारतीन हे."

मध्यंतराचा चहा आला. मी घेतला नाही. हे तंत्र जगात एकाच माणसाला माहीत होतं आणि तो मागच्या खुर्चीवर, कधी नव्हे तो, गप्प बसला होता.

"मनोहर," मी सगळ्यांदेखत म्हटलं, "किती दिवसांपासून या तिघायले सांगून राहिला?"

मनोहर उठला, पिशवीतून घडी केलेला पेपर काढला आणि पटावर ठेवला.

"तुले लिहिताच येते काय? वाचता नाही येत?"

मी हात लावला नाही. शहारे बाईंनी चष्मा चढवून वर्गात वाचतात तसं वाचायला घेतलं. 'मी जिंकलो कसा'. पाऊण पान. माझा फोटो. आणि चौथ्या पानावर, माझ्याच नावानं, अंतिम सामना आता रविवारी.

खरं सांगू? त्या अवस्थेतही मी लेखाच्या शेवटापर्यंत कान देऊन ऐकलं. डेस्कनं एक स्वल्पविराम कापला नव्हता. तीस वर्षांत पहिल्यांदा.

"तू सकाळीच काहून नाही सांगितलं?" मी मनोहरला विचारलं.

"मले वाटलं, या तिघायची दिशाभूल कराले मुद्दाम छापून आणलं. तू येवढा हुशार. मी रागात होतो ते येगळ्याच गोष्टीसाठी. 'आपलं काही खरं नाही' हे कोणाचं हाय?"

"तुझं."

"मंग लेखात 'हे वाक्य मी दीर्घ चिंतनातून शोधलं', असं कसं आलं? महिनाभर तीन रंग मी खेळलो. माझं नाव एकदा तरी हाय काय त्यात?"

आता बोला. दुसऱ्यांनी श्रेय लाटलं म्हणून मी किती जणांच्या बातम्या लावल्यात, माहिती आहे तुम्हाला? "चुकलो गड्या," एवढंच म्हणालो. तो खाली बसला, पण चहाचा कप माझ्याकडे सरकवला.

उरलेला डाव काय सांगायचा. बाई पहिल्या, शेठ दुसरे, नामदेव तिसरा. माझ्या दोन गोट्या अजून कोठारातच होत्या. उठताना शेठ म्हणाले, "पुढच्या सालीही लेख लिवजा, साहेब. आमाले सोपं जाते."

आणि निकालाची बातमी कोण देणार? साकोलीचा वार्ताहर मीच. तिथेच मनोहरशेजारी बसून लिहिली. पहिला, दुसरा, तिसरा क्रमांक. मग पूर्ण चार ओळी श्री. मनोहर यांच्यावर, लुडोतील गाजलेल्या वाक्याचे जनक, कुशल मार्गदर्शक, वगैरे. मनोहरनं वाचून 'कुशल'च्या आधी 'अत्यंत' घालायला लावलं.

दहा मिनिटांत डेस्कवरून फोन.

"साहेब, फायनलला चार जण होते ना? तुमच्या बातमीत खेळाडूंची तीनच नावं आहेत. चौथा कोण?"

मी मनोहरकडे पाहिलं. तो पेल्यात फासा हलवत होता.

"जागेअभावी कापलं," मी म्हटलं.