बर्चच्या मुठीवरचं कुंकू

स्कोफिल्ड्स या उपनगरातल्या एका घराच्या गॅरेजमध्ये गाडी कधी उभी राहिलीच नाही. तिथे सुमेधाताईंचं राज्य. आठवड्याचे चार दिवस त्या जवळच्या टूनगॅबीत दातांच्या डॉक्टर, उरलेले तीन दिवस सुऱ्यांना मुठी घडवणाऱ्या. फिनलंडमध्ये रानात जाताना कमरेला आखूड, सरळ सुरी लावतात, पूक्को. तिच्या पात्यामागच्या दांडीला दोन्ही अंगांनी बसणाऱ्या नक्षीदार लाकडी पट्ट्या ताई हातानं करतात. पट्टी पोलादावर नीट बसली का, ते बघायला त्यांच्याकडे दवाखान्यातला निळा कागद असतो. पेशंटला “चावा बघू” म्हणतात, तोच. मध्ये धरायचा, दाबायचं. जिथे निळा डाग उमटेल तिथे लाकूड चढं, तेवढंच घासायचं.

“केसाएवढी फट राहिली तरी पाणी शिरतं,” ताई ठासून सांगतात. “मग आतून कुजतं. दात काय आणि मूठ काय.”

सप्टेंबरात ब्लॅकटाउनचे, मूळ फिनलंडचे एरो आजोबा आले. वय एक्याऐंशी, बोलणं मोजकं. त्यांच्या हातात वडिलांच्या सुरीचं नुसतं पातं आणि बर्चच्या लाकडाचा एक ठोकळा.

“आमच्या अंगणातलं झाड. एवढंच उरलंय,” ते म्हणाले. “नातू ऑक्टोबरात फिनलंडला जातोय, कायमचा. सुरी त्याच्या हातात द्यायचीय.”

ताईंनी पट्ट्या बसवल्या, टोकाशी नेच्याची पानं कोरली. शेवटचं तेल तेवढं राहिलं होतं. नातवाचं विमान रविवारी. बुधवारी खंडेनवमी. ताई दवाखान्यात, आणि घरून काम करणारे त्यांचे यजमान चारुदत्त भलत्याच उत्साहात.

संध्याकाळी ताई गॅरेजमध्ये शिरल्या. पाटावर कानशी, करवती, ड्रिल, सगळ्यांवर झेंडूची फुलं. मधोमध एरोंची सुरी. दुधासारख्या बर्चवर हळदीचं ओलं बोट आणि त्यावर ठसठशीत कुंकू.

“चारू! हे काय केलंस?”

“पूजा. तूच म्हणालीस ना, हत्यारं मांड.”

“माझी हत्यारं! गिऱ्हाइकाची सुरी नव्हे!”

“अगं, ती तिथेच होती. तिला एकटीला वगळायचं? बरं दिसलं नसतं.”

“डॅड, दॅट्स रॉ टिंबर,” बारावीतली नुपूर दारातून म्हणाली. “इट ड्रिंक्स एव्हरीथिंग.”

घासायला जागाच नव्हती. आणखी घासलं की लाकूड पोलादाच्या खाली जाणार आणि अंगणातलं झाड पुन्हा उगवणार नाही. ताईंनी सुरी बार्बेक्यूच्या झाकणावर उन्हात ठेवली. चारुदत्त लॅपटॉप घेऊन शेजारी पहाऱ्याला बसले, मीटिंगसकट. शुक्रवारपर्यंत हळद उडाली. दुकानातलं रासायनिक कुंकू मात्र मसुरीएवढं लाल ठाण मांडून राहिलं.

“तेल लावलं तर झाकलं जाईल का?” चारुदत्तांनी हळूच विचारलं.

“आणखी गडद होईल. आणि झाकलं असतं तरी मी सांगणारच होते.” ताईंनी फोन उचलला.

शनिवारी सकाळी एरो हजर. सुरी चष्म्याजवळ धरून त्यांनी डाग पाहिला.

“कोणी?”

चारुदत्तांनी शाळेतल्यासारखा हात वर केला. “वर्षातून एकदा आम्ही हत्यारांना नमस्कार करतो. त्या दिवशी त्यांना सुट्टी.”

“माझ्या बापाला कधी सुट्टी नव्हती,” एरो म्हणाले. हसले नाहीत. “डॉक्टर, आता?”

“तेवढाच ठिपका कोरून काढते. दीड मिलिमीटर खोल. त्यात मल्गा भरते, इथल्या वाळवंटातलं काळपट लाकूड. पण झाड तुमच्या अंगणातलं. नको म्हणालात तर हात लावणार नाही.”

“ड्रिल घसरलं तर?”

“सव्वीस वर्षं मी घाबरलेल्या माणसांच्या तोंडात ड्रिल चालवतेय. ती हलतात, रडतात, एकानं बोट चावलंय. ही निदान गप्प बसेल.”

एरोंनी स्टूल ओढलं. “चालवा. मी बघणार.”

चाळीस मिनिटं लागली. लाल भुकटी उडाली, मागे स्वच्छ गोल खळगा राहिला. मल्गाची चकती ताईंनी तीनदा निळ्या कागदावर दाबून पाहिली, तीनदा काढून घासली, मग चिकटवली. गोंद वाळल्यावर वर तेल. बर्चच्या रेषा उजळून आल्या.

एरो सुरी घेऊन परसात गेले. एक काटकी उचलली, मूठ आवळली, डोळे मिटले आणि साल सोलली. एक लांब, अखंड वळी खाली पडली. पुन्हा एकदा. चारुदत्त दारातून पाहत होते.

“फार गुळगुळीत झालीय,” आत येऊन एरो म्हणाले. “हात ओला असला तर निसटेल.”

“आणि तो ठिपका?” चारुदत्तांना राहवलं नाही.

“ठिपका राहू दे. बरोबर अंगठ्याखाली येतो. मुलगा न बघता धरेल.” मग ताईंकडे वळून, “गुळगुळीतपणा चालणार नाही.”

“द्या इकडे,” म्हणत ताईंनी खरखरीत कागद उचलला. “पोटाकडून, बोटं येतात तिथे, थोडी खरबरीत करते. नातवाचा हात केवढा आहे?”

एरोंनी आपला पंजा टेबलावर पसरला आणि त्यापलीकडे बोटभर जागा दाखवली.