ओलेत्याचं पाणी

माझ्या थोरल्या बहिणीच्या सासूला मी माफ केलेलं नाही. ती जाऊन बरीच वर्षं झाली, तरी नाही.

आमची अक्का लहानपणापासून सगळं अंगावर घेणारी. शेजारणीचं दूध उतू गेलं तरी हिचं "माझंच चुकलं" तयार. ठाण्यात माहेरी जो तो म्हणायचा, पोर किती सोशिक! त्या कौतुकाचा मला आज संताप येतो. कल्याणच्या सासरी त्याच सोशिकपणाचं चांगलंच फावलं.

त्या साली वैशाखात घातलेल्या कैरीच्या लोणच्याची एक बरणी श्रावणात बुरसली. अक्कानं बाहेरची असताना बरणीला हात लावला, असं सासूनं ठरवून टाकलं. अक्का आधी नाही म्हणाली, मग म्हणाली, "लागलाही असेल." भाद्रपदात गौरींसाठी मी आगगाडीनं तिच्याकडे गेले, तर तिची हाडं वर आलेली. अन्न तुटलं होतं. वेणीफणीची शुद्ध नव्हती, नुसती चुलीकडे बघत बसायची. सासू म्हणे, बाहेरची बाधा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बाधा दिसली. सासू कडक सोवळ्याची. विहिरीवर न्हाऊन ती ओलेत्यानंच कोठीत शिरली, उरलेली बरणी उघडून वाकली आणि फोडी काढू लागली. ओल्या पदराचं पाणी टपटप आत पडत होतं. मी संध्याकाळच्या हळदीकुंकवाची वाट पाहिली.

आळीतल्या बायका जमल्यावर सासूनं लोणच्याचं पुराण काढलंच. मी म्हटलं, "काकू, अक्का बाहेर बसली की तुम्ही कोठीला कुलूप घालता. मग तिचा हात पोचला कसा? तुमच्याच ओल्या पदराचं पाणी बरणीत पडताना मी सकाळी पाहिलंय. लोणच्याला विटाळ कळत नाही, पाणी कळतं."

बायकांनी तोंडाला पदर लावले. सासूची मान खाली गेली ती वर येईना. इतकं गोड मला जन्मात काही लागलं नव्हतं.

बायका पांगल्यावर मी धावत माजघरात गेले. "अक्का, ऐकलंस ना? तुझा काही दोष नव्हता!"

तिचे डोळे भरून आले. मला वाटलं, सुटली एकदाची.

"माझंच चुकलं गं," ती म्हणाली. "फोडी मीच काढून दिल्या असत्या, तर त्यांना चारचौघींत खाली बघावं लागलं नसतं."

आणि पुढ्यातलं भरलेलं ताट तिनं तसंच दूर सरकवलं.