गढीचा सौदा

आमच्या गावच्या पडक्या गढीचे वारस पुण्यात राहतात. माझ्या वडिलांना त्या गढीच्या दरवाजातून कधी आत जाता आलं नाही. म्हणून तो दरवाजा गावाच्या मालकीचा व्हावा आणि डागडुजी होऊन उभा राहावा, एवढी माझी इच्छा होती. वारसांकडे जाताना मी सरपंचांना सोबत नेलं.

मी मंचरच्या बाजारात व्यापार करून वर आलो. घेणाऱ्याने मालाला नावं ठेवायचीच असतात. मी वारसांना म्हणालो, "राव, तिथं आता काय न्हाई. दगडांचा ढीग हाय, त्यात साप फिरत्यात." शेवटी त्यांनी गढी गावाला लिहून दिली.

मग ग्रामसभेत मी दरवाजाच्या दुरुस्तीचा विषय काढला. सरपंच म्हणाले, "भाऊ, दगडांचा ढीग हाय, असं तुमीच तर म्हनलात! पाडून मंगल कार्यालय बांधू की." लोक खदखदून हसले. ते सौद्यातलं बोलणं होतं, हे मी ओरडून सांगितलं, तर ते आणखीच हसले. हात वर झाले आणि गढी पाडायचं ठरलं.

सभा उठताना सरपंच वर मला म्हणतात, "जेसीबीवाल्याशी भाव तुमीच करा. तुमच्यावाणी कुणाला जमतंय?"

मी पुढे आलेला चहा तसाच ठेवून निघालो. जेसीबीवाल्याने मागितला तो भाव त्यांनी दिला. त्या कार्यालयातल्या लग्नांच्या पत्रिका मला अजून येतात. मी एकाही लग्नाला गेलेलो नाही.