सायकलीला लगाम नसतो

सारंगखेड्याच्या करणसिंगच्या पायाला भिंगरी होती. घरात जरा टेकला की भांडण उकरून काढायचा. चाळीस सालच्या यात्रेत त्याने घोडा विकला आणि सायकल घेतली. मागे वळकटी बांधली, भाकऱ्या घेतल्या आणि एका मुक्कामासाठी शहाद्याकडे निघाला. पक्क्या सडकेवर झकास चाललं. पुढे मुरमाचा उतार लागला. अवघड जागी लगाम सैल सोडावा, वाट जनावर काढतं, ही त्याची जन्माची सवय. त्याने हँडल सोडलं आणि सायकलीने त्याला बाभळीत घातलं.

घरी काटे काढताना त्याची आई दिवलीबाई करवादली, "घोडा ऱ्हाता तं तुले गुमान घर लई येता!"

वळकटी पुन्हा आवळत करणसिंग म्हणाला, "म्हनीसनच तं मी त्याले इकी टाका ना, माय!"