वाटेत अडकलेली हवा

त्या हिवाळ्यात धाकट्या बहिणीचे गुडघे दुखू लागले आणि घरात दादाचं नाव निघेनासं झालं. दादाला सिकलसेल होता, आईबापांकडून मुलांत येणारा रक्तपेशींचा आजार. त्याचंही गुडघ्यांपासूनच सुरू झालं होतं. तो गेला तेव्हा मी बारावीत होते. पुढे वर्ध्याच्या प्रयोगशाळेत मी याच आजारावर काम करायला लागले, ते त्याच्यामुळेच.

काचेवर चिकटवलेला पारदर्शक सिलिकॉनचा तुकडा, ती आमची चिप. तिच्यात केसाहून बारीक वाटा. त्यांतून थेंबभर रक्त सोडायचं. निरोगी पेशी अंग चोरून पुढे निघून जातात; आजारी पेशी ताठर, त्या अरुंद जागी अडकतात.

बहिणीचं रक्त दवाखान्यात दिलं होतं, रिपोर्ट यायचा होता. तेवढ्यात ती देवळीहून बसनं थेट माझ्याकडे आली.

"तुह्या मशीनवर पाह्य ना एकडाव."

"कच्चं काम हाये ते. भरवसा नाई त्याचा."

"पाह्य तरी. मले झोप नाई येत."

मी तिचं बोट टोचलं. सूक्ष्मदर्शकाच्या स्क्रीनवर रक्त सरकलं, वळलं आणि पहिल्याच अरुंद जागी थांबलं.

"काऊन थांबलं? अडकलं ना? दादासारखं?"

"हवा हाये. बुडबुडा."

बुडबुडा होताच, काळी कड, मध्ये चमक. पण त्याच्यामागे पेशींचा ढीग लागला होता. त्या हवेनं अडवल्या होत्या की मुळातच ताठर होत्या, मला सांगता येत नव्हतं. जोरानं ढकललं तर चिप काचेपासून सुटली असती. हलकेच टिचकी मारली, तर एकाचे दोन बुडबुडे झाले.

शेवटी चिपमधून बाहेर जाणारी नळी चिमट्यानं बंद केली आणि रक्त आत सोडणाऱ्या सिरिंजवर हलका दाब धरून ठेवला. सिलिकॉनमधून रक्त बाहेर जात नाही, हवा मात्र झिरपते. बहिणीनं माझ्या ओढणीचं टोक मुठीत धरलं होतं. बुडबुडे आकसत गेले, ठिपक्याएवढे झाले आणि दिसेनासे झाले. मी चिमटा काढला. पेशी एकामागून एक सुटल्या.

ती रडायलाच लागली. मला मात्र तिच्यासोबत आनंद मानता येईना. वाहकाला स्वतःला आजार नसतो, पण जोडीदारही वाहक असला तर मुलांना होऊ शकतो; आणि वाहकाच्या पेशीही अशाच सहज निघून जातात. मी तिला तसं सांगितलं. तिनं डोळे पुसले.

रिपोर्ट आला: आजार नाही, पण वाहक. गुडघ्यांचं दुखणं वेगळंच निघालं, औषधानं थांबलं. तिचं लग्न ठरलं होतं. तिनं कुणाला न विचारता मुलाला फोन लावला. "तुमीबी तपासून घ्या. मंग तारीख धरू." तो दुसऱ्याच दिवशी रक्त देऊन आला. त्याचा रिपोर्ट चांगला आला, तो वाहक नव्हता.

मग ती माझ्याकडे वळली. "अन् तुह्यं?"

प्रयोगशाळेत सगळ्यांची बोटं टोचणारी मीच; माझ्या बोटाची पाळी कधी आलीच नव्हती, मी येऊ दिली नव्हती. तिनं मला हाताला धरून दवाखान्यात नेलं. दंडाला पट्टा आवळला तेव्हा मी भिंतीकडे पाहत राहिले.

मीही वाहक निघाले. रिपोर्ट सकाळी हातात पडला होता. आईला फोन करायला संध्याकाळ झाली. कुठून सुरुवात करावी, तेच सुचत नव्हतं.