सेव्हन-सीटर आणि इंग्लिश बाग

किस्से कोणी ठरवून गोळा करत नाही. सिंकखालच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशव्या साठतात तसे ते साठतात, आणि एक ओढायला गेलं की सगळा गठ्ठा अंगावर येतो. माझ्याकडे ते जरा जास्तच आहेत, कारण माझ्याकडे सेव्हन-सीटर आहे! ड्रेस्डेनच्या आमच्या मराठी ग्रुपमध्ये उन्हाळा आला की कोणाचे ना कोणाचे आईवडील येतात, आणि ज्याची गाडी मोठी तो ड्रायव्हर. परदेशात माणसानं काहीही घ्यावं, सेव्हन-सीटर घेऊ नये.

हे सगळे किस्से गेल्या जुलैमधल्या एकाच रविवारचे. चिप फॅक्टरीतली आठवडाभराची शिफ्ट संपवून मी नुसती झोपणार होते. तेवढ्यात ऑफिसमधल्या रोहित जोशीचा फोन. "तू आईला घेऊन विंकलरबाईंच्या बागेत जाणारच आहेस, तर माझ्या आईबाबांनाही ने ना!" मी जाणार आहे हे मलाच माहीत नव्हतं!

हो म्हटलं ते आईसाठी. बाबा गेले त्याला वर्ष होत आलं होतं. आई दोन महिने माझ्याकडे होती, पण तिनं एकदाही काही मागितलं नव्हतं. भाजी कुठली करू? "कुठलीही चालेल." बाहेर जाऊ या? "चालेल." घरीच बसू या? "चालेल." दिवसभर खिडकीपाशी बसून ट्राम बघायची. पुढच्या आठवड्यात तिचं परतीचं विमान होतं. तिकडे नाशिकच्या रिकाम्या घरात ही अशीच बसून राहील, याची मला फार भीती वाटत होती. बाग बघून काही होईल असं नाही, पण माझे बाकीचे उपाय संपले होते.

*

विंकलरबाई, इथल्या भाषेत फ्राउ विंकलर, म्हणजे माझ्या पहिल्या बॉस. आता रिटायर. शहराबाहेरच्या एका खेड्यात त्यांचं घर आणि मागे अस्सल इंग्लिश बाग. विटांची भिंत, तिच्यावर चढवलेले फिकट गुलाब, निळ्या फुलांचे उंच तुरे, मधे गालिच्यासारखं लॉन. पांढरा, निळा आणि फिका गुलाबी सोडून दुसऱ्या रंगाला प्रवेश नाही. उन्हाळ्यात एका रविवारी ओळखीच्या लोकांना आमंत्रण असतं.

पूर्व जर्मनीच्या काळात त्यांना इंग्लंडला जाता येत नव्हतं. कुठूनसं चित्रांचं एक पुस्तक मिळालं होतं, त्यात बघून बघून त्यांनी ही बाग लावली. सीमा उघडल्यावर त्या पहिल्यांदा तिकडे खऱ्या बागा बघायला गेल्या आणि दोन दिवस आधीच परत आल्या.

"आवडल्या नाहीत?" मी एकदा विचारलं.

"तिथल्या बागा बरोबर नव्हत्या," त्या म्हणाल्या.

*

रोहितचे बाबा, म्हणजे जोशीकाका, पाटबंधारे खात्यातून रिटायर झालेले. बागेत शिरल्या शिरल्या ते कमरेवर हात ठेवून उभे राहिले. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत नजर फिरवली.

"आठ फ्लॅट निघतील," काका म्हणाले. "खाली पार्किंग धरून."

फ्राउ विंकलर हौसेनं माझ्याकडे बघायला लागल्या. काय म्हणतायत? मी थकले होते. म्हटलं, "बाग खूप मोठी आहे म्हणतायत."

"या, या!" त्या खूश झाल्या; जर्मनमध्ये याचा अर्थ हो, हो. काकांना तेवढ्यानं समाधान होईना. त्यांनी दोन्ही हातांनी हवेत मजले दाखवले, एकावर एक, आणि आठ बोटं वर केली.

"आठ तास?" फ्राउ विंकलर म्हणाल्या. "गेनाऊ! अगदी बरोबर! मी रोज आठ तास इथे काम करते!"

दोघंही एकमेकांवर बेहद्द खूश. मी मधून निघून गेले.

*

पुढे विंकलरबाईंचा मानाचा कोपरा. तिथे फिक्या गुलाबी फुलांचं एक झाड कुंडीत दिमाखात उभं होतं. याचे कंद त्या दर हिवाळ्यात उकरून काढतात, कागदात गुंडाळून तळघरात ठेवतात, अधूनमधून उघडून बघतात. सांगताना त्यांचा आवाज अगदी हळवा झाला.

जोशीकाकू वाकून बघतात तर काय! "अगंबाई, ही तर कर्दळ! आमच्याकडे मोरीच्या पाण्यावर येते!"

मी भाषांतर केलं, "यांच्याकडेही असते."

"हो? मग थंडीत हिला जगवता कशी?"

"जगवायची कशाला?" काकू म्हणाल्या. "मेली मरतच नाही!"

मी आईकडे बघितलं. एरवी ती या वाक्याला खो खो हसली असती. तिनं कर्दळीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, "निघायचं का? नसेल तर थांबू या, चालेल."

*

मग चहा. तोही इंग्लिश! किटली, तिला लोकरीची टोपी, एवढ्याशा बुटुकल्या चंबूत थेंबभर दूध. शेजारी तीन मिनिटांचा वाळूचा टायमर. काकूंनी एक घोट घेतला आणि हळूच कप खाली ठेवला.

"यांचं स्वयंपाकघर कुठेय गं?"

मला नको म्हणायचा अवकाशही मिळाला नाही. पाच मिनिटांनी जाऊन बघते तर गॅसवर पातेलं, त्यात चहा, दूध, साखर आणि पर्समधून काढलेलं आलं, सगळं रटारटा उकळतंय. फ्राउ विंकलर वाळूचा टायमर हातात घेऊन काकूंच्या मागे उभ्या. टायमर केव्हाच संपला होता. शेवटी त्यांच्या हातात कप दिला गेला. त्यांनी डोळे मिटून घोट घेतला.

"हा चहा नाही," त्यांनी निकाल दिला. "हे सूप आहे."

आणि कप पुन्हा पुढे केला.

आईला मी विचारलं, "कुठला देऊ?" उत्तर तुम्हाला माहीत आहे.

*

दरम्यान काकांनी लॉनवर चटई अंथरली होती! घरून आणलेल्या दडप्या पोह्यांचा डबाही उघडला होता. त्या लॉनवर विंकलरबाई स्वतः मोजे घालून चालतात, तेही लागलं तरच.

"काका, उठा, उठा! लॉनवर बसायचं नाही!"

"मग लावलंय कशाला?"

तेवढ्यात घरातून हेर विंकलर, म्हणजे विंकलरबाईंचे यजमान, आले. हे अतिशय कमी बोलणारे गृहस्थ. दर शनिवारी लॉन कापायचं काम त्यांचं. मला वाटलं, संपलं आता. ते चटईपाशी आले, बूट काढले, काकांच्या शेजारी मांडी घालायचा प्रयत्न केला, जमली नाही, तेव्हा पाय लांब सोडून बसले. काकांनी पोह्यांची बशी पुढे केली.

"चाळीस वर्षं कापतोय," हेर विंकलर मला म्हणाले. "पहिल्यांदा बसतोय."

स्वयंपाकघराच्या खिडकीतून बायकोची हाक आली. त्यांना ती ऐकू आली नाही. काकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली!

*

सगळं आवरून निघायची वेळ झाली, तर आई कुठे दिसेना. हेर विंकलर यांनी हातातल्या चमच्यानं मागच्या शेडकडे खूण केली.

शेडमागे शेजाऱ्याची भिंत. शेजाऱ्याचा एक लालभडक वेलगुलाब भिंतीवरून सरळ विंकलरबाईंच्या बागेत लोंबतो. त्या फिक्या रंगांमध्ये हा लाल! त्यांच्या डोळ्यांत रोज खुपतो. पण फांदी कापायची तर कायद्यानं आधी शेजाऱ्याला मुदत द्यावी लागते. त्या दर वर्षी मुदत देतात, तो दर वर्षी विसरतो, आणि मुदत दिल्याशिवाय त्या पानालाही हात लावत नाहीत.

आणि मला आईची जुनी सवय आठवली! नाशिकला आमच्या कॉलनीत ती रोज सकाळी आकडीची काठी आणि पिशवी घेऊन पूजेच्या फुलांना निघायची. कंपाउंडबाहेर आलेलं फूल देवाचं, हा तिचा कायदा. बाबा बरोबर असायचे, पण ही बाई आपली कोणी नाही अशा चेहऱ्यानं पुढे चालायचे. ते गेले आणि फुलं बंद झाली. देवही कपाटात गेले.

मी पळत सुटले. फ्राउ विंकलर हातात दाताळं घेऊन माझ्या आधीच तिकडे निघालेल्या दिसल्या. पळता पळता मी जर्मनमध्ये माफी जुळवत होते. आमच्याकडे देवासाठी, वय झालंय, नवरा गेलाय, नुकसान मी भरून देते.

शेडला वळसा घालून बघते तर फ्राउ विंकलर यांनी दाताळं वर करून शेजाऱ्याची उंच फांदी खाली ओढून धरली होती. आई टाचा उंचावून एकेक फूल देठाशिवाय खुडत होती आणि पदराच्या ओच्यात टाकत होती. ओचा भरत आला होता.

"ही नको, हिला कीड आहे," आई त्यांना मराठीत सांगत होती. "ती वरची. अहो, ती वरची!"

दाताळं वर सरकलं.

"आई!" मी ओरडले.

दोघींनीही एकदम ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," आई म्हणाली. "पलीकडे तो झोपलाय."